हसू कुणाचं आणि हसं कुणाचं?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरचा फोन एका ठरावीक प्रश्नासाठी हमखास वाजतो. पुतणी विचारते, "काका, अमुक पिक्चर लागलाय, विनोदी आहे म्हणतात. सहा-सात वर्षांच्या पोरांना न्यायला हरकत नाही ना?" दोन दिवसांनी भाचीचा फोन. पिक्चर तोच, प्रश्नही तोच, फक्त 'काका'च्या जागी 'मामा'. जन्मभर शाळेत मुलं हाकली, म्हणजे यांना हे ठाऊक असणारच, असा या मंडळींचा समज आहे. असो.

फोन करण्याआधी त्यांनी आपली चौकशी केलेली असते. सर्टिफिकेट काय आहे, मारामारी किती आहे, 'तसलं' काही आहे का, शिव्या आहेत का... हे सगळं बघून झालं की शेवटी एक वाक्य येतं : "तसं काही नाही हो, विनोदीच तर आहे!" माझं घोडं नेमकं या वाक्यापाशी अडतं. विनोदी म्हटल्यावर पुढे काही तपासायचं उरत नाही, असं आपण धरून चालतो. पण आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. एक 'हसू' आणि दुसरा 'हसं'. हसू येतं आणि हसं होतं. मुलाला हसू आलं की नाही ते आपण बघतो. त्या हसण्यात कुणाचं हसं झालं, ते बघायचं राहून जातं. लहान मुलांच्या बाबतीत मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास उगाळावा लागेल. मास्तरकीची खोड आहे, चालवून घ्या.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. तेव्हा सेन्सॉर नावाची गोष्ट आपल्याकडे नव्हती. फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांच्या जोडीला 'पिठाचे पंजे'सारखा छोटा विनोदी चित्रपटही काढला होता. म्हणजे आपला सिनेमा जवळजवळ जन्मापासून लोकांना हसवतो आहे. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये तर त्यांनी बाळकृष्णाचं काम आपल्या लहानग्या मंदाकिनीलाच दिलं. पडद्यावर मूल होतं आणि पडद्यासमोरही मुलं होती. हा सिनेमा मोठ्यांचा, तो मुलांचा, अशी वाटणी कुणाच्या मनातही नव्हती. कीर्तनाला, जत्रेला, सोंगी भजनाला जसं सगळं घर जातं तसं सगळं घर सिनेमाला जाई.

पहिला कायदा १९१८ चा. इंग्रज सरकारला काळजी होती ती दोन गोष्टींची. एक म्हणजे आग, कारण त्या काळची फिल्म भसकन पेट घेणारी होती. दुसरी म्हणजे लोकांसमोर काय दाखवलं जातं त्याची. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे तपासणी मंडळं बसली. या कायद्याच्या सर्टिफिकेटात लहान-मोठा हा भेद नव्हता. चित्रपट एक तर सगळ्यांना दाखवायला योग्य, नाहीतर कुणालाच नाही.

मराठीत विनोदी चित्रपटावरून गाजलेला पहिला मोठा वाद बहुधा १९३८ च्या 'ब्रह्मचारी'चा असावा. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. एक तरुण व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याचा पण करतो आणि मग त्याची कशी फजिती होते, अशी ती गोष्ट. लोकांनी बोटं मोडली ती मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्यावर. तेव्हाच्या सोवळ्या मंडळींना तो पोशाख दिसला, पण सिनेमात हसं कुणाचं केलंय ते किती जणांनी पाहिलं असेल? हसं होतं ते ढोंगाचं. पेलणार नाही असा आव आणणाऱ्याचं. तसं हसं मुलांनी पाहिलं तर बिघडत नाही, उलट थोडं शहाणपणच येतं. आणि गंमत बघा, अत्रे मुळात शाळामास्तर. पुण्याच्या कॅम्पमधल्या शाळेचे हेडमास्तर होते ते. 'नवयुग वाचनमाला' त्यांचीच. पुढे १९५३ साली 'श्यामची आई' काढून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारेही तेच. एकच माणूस 'ब्रह्मचारी' लिहितो आणि 'श्यामची आई'ही काढतो. तेव्हा विनोद म्हणजे उथळ आणि डोळ्यांतून पाणी काढील ते संस्कारक्षम, अशी सोपी विभागणी करून चालत नाही.

त्या काळचे एक मोठे विनोदी नट म्हणजे दामुअण्णा मालवणकर. त्यांचा डोळा तिरळा होता आणि त्याचंच त्यांनी भांडवल केलं. स्वतःच्या व्यंगावर स्वतः हसवणं हा त्यांचा हक्क होता, आणि त्याला धैर्य लागतं. पण खेळ सुटल्यावर घरी जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला हा बारकावा कसा कळणार? त्याला एवढंच कळतं की तिरळ्या माणसाला हसायचं असतं. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, पुढे तिचं काम पडेल.

मुलांचा वेगळा विचार कायद्यात आला तो १९४९ साली. 'यू' आणि 'ए' अशी दोन सर्टिफिकेटं सुरू झाली. एक सर्वांसाठी, एक फक्त प्रौढांसाठी. १९५२ चा कायदा त्याच पायावर उभा राहिला. १९५५ मध्ये सरकारने मुलांचे चित्रपट काढायला 'बाल चित्र समिती' स्थापन केली. केदार शर्मांचा 'जलदीप' हा तिचा सुरुवातीचा चित्रपट. आपल्या सई परांजपे यांनी पुढे याच संस्थेसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' केले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कामं चांगली झाली, यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर खेड्यातल्या पोरांपर्यंत ती फारशी आली नाहीत. आमच्याकडे पोरं पाहायची ते मोठ्यांचेच सिनेमे. गावात येईल ते, जत्रेत लागेल ते.

तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रकमधून मशीन यायचं, कापडी तंबू ठोकायचा, लाऊडस्पीकरवर पुकारा व्हायचा, आणि खाली जमिनीवर बसायचं. बायाबापड्या, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी एकत्र. तिथे सर्टिफिकेट कोण बघतो! पडद्यावर सुरुवातीला एक कागद दिसायचा, तोपर्यंत निम्मी माणसं जागा धरण्याच्या भांडणात असायची.

आमचं मंद्रूप सोलापूर-विजापूर रस्त्यावरचं. निम्म्या घरांत कानडी, निम्म्या घरांत मराठी, आणि बाजारात दोन्हीची मिसळ. त्यामुळे एक गोष्ट मला फार लवकर लक्षात आली. ज्या पोरांच्या घरी कानडी बोलतात, त्यांना मराठी सिनेमातले संवाद अर्धेमुर्धे कळायचे. पण ती हसायची मात्र सगळ्यांच्या बरोबरीने. कशाला हसायची? कुणी धपकन पडलं की, कुणी लंगडत चाललं की, कुणी अडखळत बोललं की, पुरुष बायकी चालीने मुरडला की. शब्दांचा विनोद भाषेच्या वेशीवरच थांबतो. सोंगाचा विनोद सरळ आत येतो आणि मुक्काम ठोकतो. लहान मूल कुठल्याही गावचं असो, शब्दांच्या बाबतीत ते त्या कानडी घरातल्या पोरासारखंच असतं. संवाद त्याच्या डोक्यावरून जातात आणि नक्कल तेवढी उचलली जाते.

हे एकदा ध्यानात घेतलं की दादा कोंडक्यांविषयीची चर्चा वेगळ्या अंगाने बघता येते. १९७१ साली 'सोंगाड्या' आला. मग 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम'... गावंच्या गावं लोटली. सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतही त्यावर वाद होत. द्वयर्थी संवादांनी पिढी बिघडणार, असं एक बाजू म्हणायची. पुढे १९९१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तर, हीन वृत्तीला खतपाणी घालणारे द्वयर्थी शब्द नकोत, असं स्पष्टच लिहिलं गेलं.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. दोन अर्थांच्या संवादातला दुसरा अर्थ ज्याला आधीच माहीत असतो त्यालाच कळतो. सात वर्षांचं पोर पहिल्या अर्थालाच हसतं, किंवा मोठी हसली म्हणून हसतं. अवघडतो तो त्याचा बाप. याचा अर्थ तसे सिनेमे मुलांना दाखवावेत असा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुसरा अर्थ अर्धवट कळायला लागतो, आणि तो अर्धवटपणाच वाईट. पण अगदी लहान मुलांच्या बाबतीत आपण जिथे पहारा बसवतो ते दार बंदच असतं, आणि उघड्या दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. आणखी एक. 'सोंगाड्या'तला नाम्या भोळसट आहे, लोक त्याला हसतात. पण आपण बघणारे त्याच्या बाजूचे असतो. टिंगल त्याची होते आणि माया त्यालाच मिळते. वसंत सबनीसांच्या लेखणीचं हे मोठेपण. याच सबनीसांनी पुढे १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' लिहिला. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून तो घेतलेला आहे. भाड्याने खोली मिळावी म्हणून दोन मित्र बायकांची सोंगं घेतात. तिथेही हसं होतं ते थापा मारणाऱ्यांचंच. एक थाप पचवायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी, आणि आपण हसून बेजार. लुगडं नेसलेल्या पुरुषाला हसणं त्यात आहेच, ते नाकारत नाही. पण कथेचा रोख थापेवर आहे, आणि मोठं माणूस शेजारी असेल तर तो रोख मुलाला दाखवता येतो.

आता ते उघडं दार कोणतं, ते सांगतो.

सुट्टी संपून शाळा भरली की वर्गात नवी टोपणनावं येतात. तीसेक वर्षं मी हे बघत आलो. कुठला सिनेमा सुट्टीत चालला, ते मला न बघताही कळायचं. जाड मुलाला एक नाव, काळ्या मुलीला एक, चष्मेवाल्याला एक. एका वर्षी आमच्या वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. हुशार होता, गणितात कुणाला ऐकायचा नाही. वाचनाच्या तासाला वेळ लागायचा, पण उभा राहून वाचायचा, आणि पोरं थांबायची. त्या मे महिन्यात एक विनोदी हिंदी सिनेमा सगळ्यांनी पाहिला. त्यात असंच अडखळणारं एक पात्र होतं, आणि ते तोंड उघडायच्या आतच तंबू हसायला लागायचा. जूनमध्ये शाळा भरली. मुलगा वाचायला उभा राहिला, पहिला शब्द अडला, आणि मागच्या बाकावरून त्या पात्राचा आवाज आला. वर्ग फुटला. मी दटावलं, वर्ग गप्प झाला. पण तो मुलगा त्यानंतर वर्षभर मोठ्याने वाचायला उभा राहिला नाही. "गुरुजी, घसा बसलाय," एवढंच सांगायचा.

त्या सिनेमाचं सर्टिफिकेट 'यू' होतं. त्यात चुंबन नव्हतं, रक्त नव्हतं, शिवी नव्हती. आणि आवाज काढणारी पोरं दुष्ट होती असंही नाही. सुट्टीत तीन तास त्यांनी जे शिकलं, ते करून दाखवलं. शाळेत आम्ही शिकवलेलं इतक्या लवकर कुणी करून दाखवलं नव्हतं!

सिनेमाचं हे बळ न्यायालयानेही ओळखलं आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या लघुपटावरून सेन्सॉरविरुद्ध दाद मागितली, त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिला. चित्रपट इतर कुठल्याही कलेपेक्षा भावनांना जास्त हलवतो आणि मुलांवर त्याचा परिणाम फार होतो, हा त्यातला एक मुद्दा. १९८३ मध्ये 'यूए' हा तिसरा वर्ग आला : बारा वर्षांखालील मुलांना दाखवायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवावं. सरकारने हात झटकले, असं तेव्हा काही जण म्हणाले. मला तसं वाटलं नाही. ज्याचं मूल त्याने ठरवावं, हे रास्तच आहे. फक्त ठरवायचं कशावर, ते कुणी शिकवलं नाही.

भीतीचाही विचार इथे करायला हवा, कारण 'विनोदी' म्हणून आणलेल्या सिनेमात भीतीही असते. १९९३ चा 'झपाटलेला' घ्या. अमेरिकेत १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' नावाचा चित्रपट आला होता, त्यावरून सुचलेला. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही मूळ कल्पना. तिकडे त्याला 'आर' हा वर्ग होता. म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने प्रवेश नाही. इकडे महेश कोठाऱ्यांनी त्यात लक्ष्मीकांत बेर्डे घातला, खेडं घातलं, आणि आख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांनी तो पाहिला! अर्धवटरावांना बोलतं करणाऱ्या रामदास पाध्यांचा तो बाहुला, आणि तात्या विंचूच्या रूपात दिलीप प्रभावळकर. कित्येक घरांत पोरं महिनाभर बाहुलीजवळ झोपेनात. आणि तीच पोरं दिवसा अंगणात तात्या विंचूचं सोंग करून एकमेकांच्या मागे धावायची.

सहा वर्षांखालच्या मुलाला तो दाखवू नये, असंच मी म्हणेन. पण भीतीचा एक चांगुलपणा आहे. भ्यालेलं मूल आईच्या कुशीत शिरतं, मोठ्यांना सांगतं, आणि त्याची भीती आपल्याला दिसते. दिवा लावून ठेवता येतो. दुसऱ्याचं हसं करायला शिकलेलं मूल आनंदात असतं, म्हणून ते दिसत नाही. रात्री रडत असतं ते दुसऱ्याच्या घरातलं मूल.

मघाशी १९९१ च्या सूचनांचा उल्लेख केला. त्यात आणखी एक कलम आहे, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शारीरिक किंवा मानसिक अपंगांची हेटाळणी, थट्टा दाखवणारी दृश्यं विनाकारण असू नयेत, असं ते सांगतं. म्हणजे कायद्यात 'हसं' आहे बरं का! पण 'विनाकारण' हा शब्द मोठा सोयीचा. विनोदी सिनेमावाला म्हणणार, कारण आहे ना, लोक हसतात! त्याच १९९१ साली मराठीत 'चौकट राजा' आला. संजय सूरकरांचा. त्यातला नंदू बुद्धीने लहानच राहिलेला, आणि काम केलं होतं ते प्रभावळकरांनीच. नंदूच्या वागण्याला प्रेक्षक हसतात, पण थोड्या वेळाने त्या हसण्याचा आपल्यालाच विचार पडतो. माणूस तोच, व्यंग तसंच, पण कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे यावर सगळं ठरतं.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या शब्दांत मांडला तो अलीकडे, जुलै २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर 'आँख मिचोली' नावाचा विनोदी हिंदी चित्रपट आला. कुटुंबाने मिळून बघावा असा. त्यात एक विसराळू बाप, एक ऐकू न येणारा, एक बोलताना अडखळणारा. अडखळणाऱ्याला 'अटकी हुई कॅसेट' म्हटलं होतं. वाचलं आणि मला आमचा वर्ग आठवला; मागच्या बाकावरचं टोपणनाव याहून वेगळं काय असतं? अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले. न्यायालयाने चित्रपटात हात घातला नाही, सर्टिफिकेटही रद्द केलं नाही. पण एक फरक सांगितला. अपंगत्वातून येणारा विनोद वेगळा, तो त्या माणसाला समजून घ्यायला मदत करतो. आणि अपंगाला आणखी खच्ची करणारा विनोद वेगळा. आधीच कडेला ढकललेल्या माणसाची टर उडवणं, त्याला एका साच्यात बसवणं, हे कलेच्या स्वातंत्र्यात येत नाही; आणि अशा माणसांविषयी काही करायचं तर त्यांनाही विचारात घ्या, असंही सांगितलं. दामुअण्णांच्या डोळ्याचं मी मघाशी का नोंदवून ठेवलं, ते आता ध्यानात आलं असेल. ते स्वतः स्वतःवर हसवत होते. त्यांच्या डोळ्यावरून वर्गातल्या पोराला चिडवणं, हा त्या पोराचा विनोद नव्हता.

कायद्याची आणखी एक पायरी २०२३ मध्ये झाली. 'यूए'चे तीन भाग पडले : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. मोबाईलवर दिसणाऱ्या सिनेमा-मालिकांना अशी वयाची वर्गवारी २०२१ च्या नियमांनीच लावली होती. चांगलं झालं. शंभर वर्षांत 'सगळ्यांना नाहीतर कुणालाच नाही' इथून आपण 'सात, तेरा, सोळा' इथवर आलो. पण वयाची पट्टी कितीही बारीक केली तरी ती मापते ते मुलाला सोसेल किती. बघून आल्यावर ते मूल दुसऱ्याशी कसं वागेल, हे मापायला पट्टी नाही.

त्यातून आता सिनेमा सबंध कुणी बघत नाही. त्यातले तुकडे बघतात. सबंध कथेत भोळ्या माणसाची टिंगल होते आणि शेवटी त्याला न्यायही मिळतो. तुकड्यात फक्त टिंगल असते, न्याय कापून टाकलेला. तंबूत निदान शेवट तरी बघायला मिळायचा.

एवढं वाचून कुणी म्हणेल, गुरुजी, असं प्रत्येक विनोद तराजूत घातला तर हसायचं केव्हा? रास्त आहे. हसत्या घरासारखी दुसरी शाळा नाही. आणि ज्यात कुणाचंच हसं नाही तो विनोद पुष्कळदा अळणी असतो, हेही खरं. पण आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. २०१४ साली परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' आला. पंढरपूरची गोष्ट, कार्तिकी वारीतली. वडील गेलेले, आईचं विणकामाचं मशीन बँकेकडे अडकलेलं, आणि ते सोडवायला लाडकी सायकल विकायची पाळी. सायकलीचं नाव एलिझाबेथ! सायकल वाचावी म्हणून पोरं वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान थाटतात. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान त्याला एका तमिळ चित्रपटासोबत विभागून मिळाला. सिनेमाभर माणूस हसत असतो, आणि गरिबी हा विषय असून गरिबाचं हसं कुठेही नाही. हसू येतं ते पोरांच्या उद्योगांचं, त्यांच्या हिशेबांचं, मोठ्यांच्या भाबड्या आणि बेरकी वागण्याचं. असं करता येतं. अवघड आहे, पण येतं.

म्हणून पुतणीला, भाचीला मी आता हो-नाही सांगत नाही. त्यांना म्हणतो, आधी तुम्ही बघा आणि तीन गोष्टी तपासा. ज्याच्यावर सगळे हसतात त्याने काही खोडी केली आहे, की तो फक्त तसा जन्मला आहे? लबाडाला, कंजुषाला, ढोंग्याला पोटभर हसू द्या; रंगाला, जाडीला, जिभेला, पायाला नको. दुसरं, ज्याला हसलं जातं त्याला सिनेमात स्वतःचं बोलायला मिळतं का? निदान एकदा तरी तो माणूस म्हणून उभा राहतो का? आणि तिसरं, तुमच्या मुलाच्या वर्गात तसं एखादं मूल आहे का? असेल तर त्या मुलाच्या शेजारी बसून तुम्हाला तो प्रसंग बघवेल का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो तो स्वतः देतो, सर्टिफिकेट देत नाही.

आणि समजा नेलंत, आणि तसा प्रसंग आलाच, तर उठून यायची गरज नाही. पोराचे डोळेही झाकू नका. झाकलेलं त्याला जास्त दिसतं. फक्त त्या क्षणी तुम्ही हसू नका. मूल हसताना एकदा तरी तुमच्या तोंडाकडे बघतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आपण बरोबर ठिकाणी हसलो ना, एवढंच त्याला विचारायचं असतं.